चेहरा, आवाज आणि तारीख : हँडीकॅम हाती घेणाऱ्या पुतणीला

सिंहस्थ जवळ आलाय, घरात मुंज ठरलीय आणि तू हार्ड डिस्कवाला जुना एचडी हँडीकॅम घ्यायचं म्हणतेस. जरूर घे. फोन सगळ्यांच्याच खिशात असतो, पण तासाभराचं कीर्तन सलग टिपायला, मांडवाच्या शेवटच्या रांगेतून बोहल्यावरचा चेहरा गाठायला आणि हात न अवघडता धरून ठेवायला हे यंत्र आजही कामाचं आहे.

त्याची वैशिष्ट्यं पारखायची कसोटी मात्र आधी मनाशी पक्की कर. घरगुती चित्रीकरणाचा खरा प्रेक्षक वीस वर्षांनंतरचा असतो, आणि तो पडद्यावर तीनच गोष्टी शोधतो : आजोबा दिसायचे कसे, आजी बोलायची कशी आणि हे सगळं नेमकं कधीचं. चेहरा, आवाज आणि तारीख. कॅमेऱ्यातली जी सोय या तिन्हींच्या कामी येते तिला मोल दे. बाकीच्या सोयी असल्या तर ठीक, नसल्या तरी अडत नाही.

घेताना काय पाहशील

२००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी मिळून एव्हीसीएचडी ही पद्धत आणली आणि एचडी चित्र छोट्या डिस्कवर मावू लागलं. त्याआधी कॅसेटवर शूटिंग व्हायचं आणि तासाची कॅसेट संगणकात उतरवायला पुरता तास जायचा. २००७ मध्ये जेव्हीसीचा ६० जीबी डिस्कचा फुल एचडी एव्हरिओ आला, २००८ मध्ये सोनी आणि कॅनन यांचे १२० जीबीचे, तर २००९ मध्ये सोनीचा २४० जीबीचा. पुढे मेमरी कार्डं स्वस्त झाली आणि काही वर्षांतच डिस्कवाले कॅमेरे बनायचे थांबले. म्हणजे तुला मिळणारा कॅमेरा कुणीतरी वापरलेला आणि बऱ्याच वर्षांचा असणार. नाशिकच्या एम. जी. रोडवर घे नाहीतर ओळखीच्या घरातून घे, हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

चार्जर, बॅटरी आणि यूएसबी केबल मूळचीच आहे ना, ते पहिल्यांदा पाहा. काही मॉडेलांत यूएसबीची जागा कॅमेऱ्याच्या अंगावर नसते. तो ज्या बैठकीवर ठेवायचा त्या बैठकीला असते. बैठक हरवली असेल तर आतलं चित्र बाहेर काढायची वाटच बंद होते. टीव्हीसाठी लागणारी एचडीएमआयची छोट्या तोंडाची केबलही मागून घे.

मग अर्धा-पाऊण तास सलग रेकॉर्डिंग करून बघ. कॅमेरा कानाशी धर. बारीक घरघर चालते, पण टक्-टक् असा ठोका ऐकू आला तर डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे असं समज. रेकॉर्ड केलेलं तिथल्या तिथे संगणकावर उतरवून पाहा. डिस्कबरोबर मेमरी कार्डावरही रेकॉर्ड होतं का, हेही विचार. ज्याच्यावर होतं तोच निवड. उद्या डिस्क गेली तरी कार्डावर काम चालू राहील. कार्ड कुठल्या जातीचं लागतं तेही पाहून ठेव. सोनीच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांना एसडी कार्ड चालत नाही, मेमरी स्टिकच लागते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी दिलेला कॅमेरा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेव. तिकडची वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडचे कॅमेरे सेकंदाला ६० च्या हिशेबाने चित्र घेतात. आपली वीज ५० हर्ट्झची. तो कॅमेरा आपल्या ट्यूबलाइटखाली धरला की चित्र लुकलुकतं. अशा कॅमेऱ्यात शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर १/१०० वर ठेव, लुकलुक बरीचशी थांबते. ती सोय नसेल तर तो कॅमेरा उन्हातल्या कामासाठी ठेव.

झूमचा मोठा आकडा वाचूच नकोस

खोक्यावर दीडशेपट, दोनशेपट झूम असं ठळक छापलेलं असतं. तो डिजिटल झूम. आहे तेच चित्र तो ताणून मोठं करतो आणि चेहरा पुसट होतो. मेनूत जाऊन तो पहिल्याच दिवशी बंद कर. भिंगाने होणारा ऑप्टिकल झूमच खरा. या कॅमेऱ्यांत तो साधारण दहा ते पंधरा पटींचा असतो आणि घरगुती कामाला तेवढा पुष्कळ होतो.

झूमपेक्षा दुसरी बाजू महत्त्वाची, ती म्हणजे भिंग किती रुंद पाहतं. पंचवटीतल्या वाड्याचं माजघर असो की सिडकोतली दोन खोल्यांची जागा, आपल्या घरात मागे सरकायला जागा नसते. या पिढीतले बरेच कॅमेरे फोटोच्या भाषेत ४० मिमीच्या आसपास सुरू होतात. म्हणजे बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या सगळ्या बायका एका चौकटीत मावतीलच असं नाही. त्यासाठी भिंगापुढे लावायचा वाइड कन्व्हर्टर मिळतो. तो मिळाला नाही तर खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी राहा, सगळ्यात जास्त तिथूनच दिसतं.

शूटिंग चालू असताना झूमचा खटका कमीत कमी वापर. आधी चौकट ठरव, मग लाल बटण दाब. सतत पुढे-मागे होणारं चित्र पाहताना डोकं दुखतं, आणि चेहरा स्थिर दिसला नाही तर तो मनात राहत नाही.

आत डिस्क फिरते आहे

या कॅमेऱ्याचं सगळं पथ्य त्याच्या डिस्कमुळे आहे. आत एक तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्या पृष्ठभागापासून केसाहूनही कमी अंतरावर हवेच्या पातळ थरावर लिहिणारं टोक तरंगतं. धक्का बसला की टोक तबकडीला घासू शकतं. म्हणून कॅमेऱ्यात पडझड ओळखणारा ड्रॉप सेन्सर असतो. कॅमेरा हातातून निसटतोय हे कळताच तो टोक बाजूला घेऊन सुरक्षित जागी ठेवतो. मेनूत तो चालू आहे ना, बघून घे. जत्रेतल्या पाळण्यात किंवा उडत्या जीपमध्ये तोच सेन्सर रेकॉर्डिंग मध्येच थांबवतो, तेव्हा कॅमेरा बिघडला असं समजू नकोस.

मोठा आवाजही डिस्कला हादरवतो. आपला नाशिक ढोल छातीत घुमतो, तसाच तो कॅमेऱ्यातही घुमतो. पथकाच्या मध्यभागी किंवा डीजेच्या भिंतीला खेटून उभं राहिलं तर डिस्कवर नीट लिहिता येत नाही आणि रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतही ही सूचना असते. विसर्जन मिरवणुकीत पथकापासून अंतर राख, शक्य तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून घे, कार्डाची सोय असेल तर रेकॉर्डिंग कार्डावर ठेव आणि पडद्यावरची लाल खूण अधूनमधून बघत जा.

उंचीचंही पथ्य आहे. हवा विरळ झाली की टोकाला तरंगायला आधार कमी पडतो. मॉडेलप्रमाणे ३,००० किंवा ५,००० मीटरची मर्यादा पुस्तिकेत दिलेली असते. आपल्या सह्याद्रीत काळजीचं कारण नाही. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं, सप्तशृंगी गड त्याहून कमी. पण केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, आणि लेह शहरही जवळपास तेवढ्याच उंचीवर. त्या यात्रेला जाताना पुस्तिका वाच. मर्यादा ३,००० ची असेल तर हा कॅमेरा घरी ठेव आणि फोन किंवा कार्डाचा कॅमेरा ने.

दर्जा कुठला ठेवायचा

मेनूत रेकॉर्डिंगचे तीन-चार दर्जे असतात. सर्वांत वरच्या दर्जाला सेकंदाला सुमारे २४ मेगाबिट माहिती लिहिली जाते, म्हणजे तासाला जवळजवळ ११ जीबी. त्या हिशेबाने १२० जीबीच्या डिस्कवर सुमारे ११ तास मावतात. खालच्या, ९ मेगाबिटच्या आसपासच्या दर्जाला तेवढ्याच जागेत जवळजवळ ३० तास मावतात. तीस ऐकून कुणालाही मोह होतो. तो आवर. एका घरच्या मुंजीचं काम पाच-सहा तासांत आटोपतं. दिवसभराच्या कार्याला ११ तास पुरून उरतात, मग चेहरा कमी दर्जात का टिपायचा? अक्षता उडताना, पाण्याचे तुषार उडताना, गर्दी हलताना खालच्या दर्जातलं चित्र लगेच चौकोनी ठिपक्यांत फुटतं. कायम वरचाच दर्जा ठेव. जागा संपत आली तर घरी येऊन डिस्क मोकळी कर, दर्जा उतरवू नकोस.

कॅमेऱ्यात चालू रेकॉर्डिंगमधून फोटो काढायचं बटणही असतं. वेळेला उपयोगी आहे, पण त्याच्यावर विसंबून राहू नकोस. फोटोला तुझा फोन पुरेसा आहे.

आधी उजेड बघायचा

जुन्या स्टुडिओवाल्यांनी आम्हाला हेच शिकवलं, तेच तुला सांगतो. खोलीत शिरलीस की आधी उजेड कुठून येतोय ते बघ, मग माणूस कुठे बसवायचा ते ठरव. या कॅमेऱ्यांचा सेन्सर नखाएवढा असतो आणि कमी उजेडात त्याच्या चित्रावर वाळूसारखे कण दिसतात. सोनीने २००९ मध्ये घरगुती कॅमेऱ्यात मागच्या बाजूने प्रकाश घेणारा सेन्सर आणला, त्याने हा त्रास कमी झाला. जुन्या बाजारात निवड करायला मिळाली तर २००९ नंतरचं मॉडेल घे.

आजीला खिडकीकडे तोंड करून बसव. खिडकी तिच्या मागे आली की कॅमेरा बाहेरच्या उजेडावर चित्र जमवतो आणि तिचा चेहरा काळा पडतो. जागा बदलणं शक्यच नसेल तेव्हा बॅकलाइटचं बटण दाब, किंवा पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड आणि फोकस तिथेच बांधून टाक. ही स्पॉटची सोय तुझ्या कॅमेऱ्यात असेल तर तिचा सराव आधीच कर. मुंजीत होमाच्या वेळी तीच कामी येते. ज्वाळा उंच झाली की कॅमेरा चित्र काळोखं करतो आणि बटूचा चेहरा हरवतो. बोट बटूच्या चेहऱ्यावर ठेवलंस की ज्वाळा भडक दिसेल, पण पोराचा चेहरा शाबूत राहील.

हळदीच्या दिवशी पिवळे बल्ब, पिवळी वस्त्रं, पिवळेच हात यांनी कॅमेऱ्याचा रंगांचा अंदाज चुकतो. पांढरं उपरणं किंवा कोरा कागद चौकटभर धरून व्हाइट बॅलन्स हाताने बसव. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यामुळे नवरीची हळद हळदीसारखी दिसते.

आवाजाला चित्राइतकाच मान दे

धुरकट चित्र माणूस सहन करतो, पण बोललेलं कळलं नाही तर उठून जातो. कॅमेरा निवडताना बाहेरचा माइक लावायची जागा आणि हेडफोनची जागा आहे का, हे मेगापिक्सेलच्या आधी विचार. काही कॅमेऱ्यांच्या माथ्यावर माइकसाठी खोबण असते, पण तिच्यात त्याच कंपनीचा माइक बसतो. साध्या गोल पिनेचा माइक लागत असेल तर कॉलरला लावायचा स्वस्त माइकही चालतो.

कॅमेऱ्याच्या अंगचा माइक तुझ्या बोटांची खुडबुड, झूमची मोटर आणि शांत खोलीत डिस्कची घरघरही टिपतो. आजीला बोलतं करायचं असेल तर तिच्या पदराला माइक लाव. पंखा बंद कर, फ्रीजचं बटण तेवढ्यापुरतं बंद ठेव, कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ दे. कॅमेरा स्टँडवर ठेव आणि तू तिच्यासमोर बस. प्रश्न छोटा विचार आणि गप्प राहा. तिचं वाक्य संपलं असं वाटलं तरी लगेच बोलू नकोस, खरी आठवण पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येते. जात्यावरच्या ओव्या म्हणायला लाव. माहेरच्या माणसांची नावं, नाती, गावं तिच्याच तोंडून वदवून घे. पुढे कुणाला विचारायचं म्हटलं तर विचारायला माणूस उरत नाही.

कार्यालयात मंगलाष्टकांच्या वेळी कर्ण्याचा आवाज माइकला पेलत नाही आणि फाटतो. मेनूत माइकची पातळी ‘नॉर्मल’ आणि ‘लो’ अशी असते. मंगलाष्टका, ताशा आणि आरती यांना ‘लो’, भटजींच्या मंत्रांना आणि गप्पांना ‘नॉर्मल’. हेडफोन कानाला लावून आधीच ऐकून ठेव.

हात स्थिर, पाय मोकळे

चित्र स्थिर ठेवायची सोय दोन प्रकारची असते. एकात भिंगाचाच भाग हलून हाताचा कंप मारला जातो, ती ऑप्टिकल. दुसरीत चित्राच्या कडा कापून ते जागेवर धरलं जातं, ती इलेक्ट्रॉनिक. ऑप्टिकलवाला कॅमेरा निवड. तरीही यंत्रावर सगळा भार टाकू नकोस. कोपर छातीशी घे, डावा तळहात पडद्याखाली धर, पाय खांद्याएवढे फाकव. स्टँडवर कॅमेरा लावलास की स्थिर ठेवायची ती सोय बंद कर, नाहीतर चौकट वळवताना चित्र हिसका खातं.

कुठलाही तुकडा मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत थांबवू नकोस. आणि प्रत्येक समारंभात तीन प्रकारचे तुकडे घे : सगळा मांडव दिसेल असा लांबून, माणसं दिसतील असा मधून आणि चेहरा किंवा हात भरून दिसतील असा जवळून. मुंजीत मातृभोजनाच्या वेळी आईचा घास भरवणारा हात आणि भिक्षावळीत झोळी धरलेली इवलीशी बोटं जवळून घे. लग्नात अंतरपाट धरला की सगळे नवरा-नवरीकडे बघतात. तू क्षणभर दोन्हीकडच्या आई-वडिलांकडे कॅमेरा फिरव. ते चेहरे पुन्हा कुणी घेत नाही.

नाशिकची जागा, नाशिकचं पथ्य

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडतात. शनी चौक, तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, जिथे जाशील तिथे माणसं त्यांत उडी घेऊन धप्पा मारतात आणि रंग चहूकडे उडतो. या कॅमेऱ्याला पाण्याचं वावडं आहे. रंग बटणांच्या फटीत गेला की निघत नाही. ओळखीच्या घराची गॅलरी आदल्या दिवशीच विचारून ठेव आणि वरून झूम करून घे. खाली उतरायचंच असेल तर जलरोधक पिशवी लाव.

चैत्रात कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघतात. रथाबरोबर मागे मागे चालत शूटिंग करू नकोस. रथाच्या मार्गावर पुढे जाऊन उंचशी पायरी धर आणि रथ तुझ्याकडे येऊ दे. ओढणाऱ्यांचे चेहरे तेव्हाच समोर येतात.

रामकुंडावर पहाटे पाण्याची चमक फार असते. उजेड जरा कमी कर, म्हणजे पायऱ्या आणि माणसं दिसतील. तिथे कुणी स्नान करत असतं, कुणी अस्थी घेऊन आलेलं असतं. अनोळखी माणसाच्या अशा घटकेवर झूम नेऊ नकोस. २०२७ च्या सिंहस्थात गर्दीचा कितीही मोह झाला तरी आपली माणसं, आपला घाट, आपलं शहर एवढंच घे. गाभाऱ्यात विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नकोस.

हवेचंही पाहावं लागतं. निफाडच्या थंडीत पारा कधी कधी शून्याजवळ जातो. द्राक्षबागेत पहाटे जाणार असशील तर बॅटरी आतल्या खिशात उबेत ठेव, थंडीत ती लवकर बसते. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या धुक्यातून किंवा एसी गाडीतून एकदम दमट हवेत आलीस की भिंगावर आणि आतही दव धरतं. कॅमेरा चालू न करता बंद पिशवीतच अर्धा-एक तास राहू दे. चार महिने कपाटात तसाच पडला तर भिंगाला बुरशी लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत सोडून कुठेही जाऊ नकोस.

तारखेची काळजी

कॅमेऱ्यात घड्याळासाठी एक बारीक बॅटरी वेगळी असते. कॅमेरा दोन-तीन महिने पडून राहिला की ती उतरते आणि तारीख मागे कुठेतरी जाते. कार्याच्या आदल्या दिवशी कॅमेरा चार्जरला लावून ठेव, दिवसभर लागला तरी चालेल, आणि तारीख-वेळ तपास.

एव्हीसीएचडीत तारीख चित्रावर छापली जात नाही, चित्रासोबतच्या माहितीत लपलेली असते. पुढे कुणी त्या फायलीचं एमपी-४ केलं की ती तारीख बहुतेक वेळा गळून जाते. म्हणून दोन सवयी लावून घे. पहिल्या तुकड्याच्या सुरुवातीला कॅमेऱ्यामागून स्वतःच्या आवाजात दिवस, तारीख, जागा आणि प्रसंग सांग. आणि घरी आल्यावर फोल्डरला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग असं लिही. मग फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

आणल्या आणल्या उतरवून ठेव

सगळ्यात जपून ऐकायची गोष्ट शेवटी सांगतो. कॅमेऱ्यातली डिस्क म्हणजे खळं. धान्य खळ्यावर तयार होतं, पण ते कणगीत भरल्याशिवाय शेतकरी झोपत नाही. या कॅमेऱ्याने लोकांना मोठी डिस्क दिली आणि तिच्यामुळेच पुष्कळ घरांत वर्षानुवर्षं चित्र आतच पडून राहिलं. बारसं, वाढदिवस, पहिली शाळा, सगळं एकाच डिस्कवर, आणि मग ती डिस्क गेली.

कार्य आटोपलं की त्याच आठवड्यात उतरवून घे. कॅमेरा चार्जरला लाव, नुसत्या बॅटरीवर किंवा वीज जाण्याच्या वेळी उतरवायला बसू नकोस. आत ‘एव्हीसीएचडी’ नावाचा फोल्डर असतो, त्यात ‘बीडीएमव्ही’, त्यात ‘स्ट्रीम’, आणि तिथे एमटीएस नावाच्या फायली. फक्त या फायली उचलू नकोस, ‘एव्हीसीएचडी’चा आख्खा फोल्डर उचल. लांबलचक रेकॉर्डिंग कॅमेरा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत कापतो. आख्खा फोल्डर असला तर कंपनीचं सॉफ्टवेअर ते तुकडे बिनचूक सांधतं. सुटे सांधले तर जोडावर शब्द तुटू शकतो, कीर्तनात ते फार खटकतं. तासाभराचं चित्र उतरायला दहा मिनिटांच्या आसपास लागतात.

उतरवलेलं व्हीएलसीमध्ये चालवून बघ, सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं. मग त्याची दुसऱ्या डिस्कवर प्रत कर. या दोन प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्यातलं काहीही पुसू नकोस. नातेवाइकांना द्यायला हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरने एमपी-४ बनव, पण मूळ फायली तशाच ठेव. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत जपून ठेवायची प्रत समजू नकोस, ती आकसलेली असते.

दुसरी डिस्क दुसऱ्या घरी ठेव. गोदावरीला २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये मोठे पूर आले, सराफ बाजारापर्यंत पाणी चढलं. गावातल्या घरात एक प्रत असेल तर दुसरी गंगापूर रोडला किंवा पुण्याला बहिणीकडे असू दे. वर्षातून एकदा, दिवाळीत म्हण, दोन्ही डिस्क लावून चालतात का ते बघ आणि पाचेक वर्षांनी नव्या डिस्कवर प्रत कर. कॅमेरा कधी विकलास तर नुसता फॉरमॅट करून देऊ नकोस, फॉरमॅट केलेलं परत काढता येतं. डिस्क पूर्ण पुसण्याची वेगळी सोय बऱ्याच मॉडेलांच्या मेनूत असते, ती वापर.

हे सगळं इतक्या आग्रहाने सांगतोय, त्याला आपल्या जिल्ह्यातच कारण आहे. दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मले. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर वाढताना एकेक चौकट करून टिपला. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदासाच्या भूमिकेत स्वतःचा मुलगा भालचंद्र घेतला, ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण म्हणून मुलगी मंदाकिनी. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई राबल्या. नाशकात त्यांनी कंपनी उभी केली, नाशकातच १९४४ मध्ये त्यांनी देह ठेवला. एवढं काम करून गेले, आणि आज त्यातलं फारच थोडं पाहायला मिळतं. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळंच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरली आहेत. आणि तो संग्रह स्थापन झाला १९६४ मध्ये, फाळके गेल्यावर वीस वर्षांनी. जपायची सोय उशिरा आली आणि तोवर पुष्कळ काही गेलं होतं.

तुला वाट पाहायचं कारण नाही. डिस्क बाजारात मिळते, रीत मी सांगितली आहे. नवा-जुना कुठलाही कॅमेरा घे, पण त्याआधी घरातल्या कपाटात पडलेला जुना हँडीकॅम, कॅसेटी आणि कार्डं बाहेर काढ आणि त्यात जे असेल ते येत्या रविवारी उतरवून दोन प्रती कर. मुंजीचं शूटिंग त्यानंतर.